स्प्रिंगची गाडी, आपल्या हातची

जत्रेतली चावीची गाडी दोन दिवसांत मोडते आणि कचऱ्यात जाते. तीच स्वतः बनवली तर दुरुस्तही करता येते.

त्र्यंबकेश्वरहून अनेकजण सातपूरच्या कारखान्यांत कामाला जातात. घरात असे कोणी असेल, तर गिअर म्हणजे काय हे आधी त्यांनाच विचारा.

मोडक्या खेळण्यातली पट्टीची स्प्रिंग घ्या. ती मोठ्यांकडूनच काढून घ्या. घड्याळाची नको, ती उसळली तर बोट कापते. आसासाठी सायकलचा 2 मिलिमीटर जाडीचा स्पोक चालतो. चाके, दातेरी चाके आणि स्प्रिंगची डबी थ्रीडी प्रिंटरवर छापा. हे यंत्र प्लास्टिकची तार वितळवून थरावर थर देते. जे चाक आसावर मोकळे फिरायला हवे, त्याचे भोक 2.3 मिलिमीटर ठेवा. चाकांना ट्यूबची रबरी पट्टी चढवा, म्हणजे ती घसरणार नाहीत.

आता हिशेब. स्प्रिंगच्या आसावर 48 दात्यांचे चाक, मागच्या चाकांच्या आसावर 12 दात्यांचे. चाके हाताने 20 वेळा उलटी फिरवली, की स्प्रिंगला 5 फेरे बसतात. सोडल्यावर चाके तेवढीच सुलट फिरतात. 6 सेंटिमीटर व्यासाचे चाक एका फेरीत सुमारे 19 सेंटिमीटर जाते. म्हणजे गाडी पावणेचार मीटर धावेल. फेरे चौपट झाले, पण जोर चौथा हिस्सा उरला. म्हणून गाडी हलकी हवी. त्र्यंबकच्या चढावर अडली, तर 40 आणि 20 दात्यांची जोडी लावा. अंतर निम्मे होईल, जोर दुप्पट. दोन्ही जोड्यांची बेरीज 60च, म्हणून आसांची जागा बदलावी लागत नाही.

छापण्याचे प्लास्टिक बहुधा मक्यासारख्या पिकाच्या स्टार्चपासून बनते आणि साधारण 60 अंशांवर मऊ पडते. गाडी चुलीजवळ ठेवू नका.

पालकहो, प्रिंटर विकत घ्यायची गरज नाही. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 साली पुणे जिल्ह्यातील पाबळ या खेड्यात विज्ञान आश्रम काढला. तिथे 2002 साली फॅब लॅब आली. 2016पासून केंद्राच्या अटल टिंकरिंग लॅब योजनेत निवडलेल्या शाळांना 20 लाखांपर्यंत अनुदान ठरले, सहावी ते बारावीच्या मुलांसाठी. त्यात थ्रीडी प्रिंटरही असतो. आपल्या मुलांच्या शाळेत अशी खोली आहे का, आणि ती पाहुण्यांपुरतीच उघडते का, हे पालकसभेत विचारा. यंत्र कुलूपबंद राहिले, तर श्रीमंताचे पोर बाहेर शिकेल. आपले मात्र काचेतून पाहत राहील.