विश्लेषण : इंदापूरचा २१११, भोरचा २११३ आणि तुमच्या बँक खात्याचे कुलूप

उसाचे बिल जमा झाल्याचा मेसेज आला की बारामती-इंदापूरचा शेतकरी आता पासबुक भरायला धावत नाही, मोबाइलवरच शिल्लक बघतो. या व्यवहारांना राखणाऱ्या कुलपांपैकी एक कुलूप शाळेतल्या मूळ संख्यांवर उभे आहे.

मूळ संख्या कोणत्या?

१ आणि ती स्वतः, एवढ्या दोनच विभाजक असलेली संख्या म्हणजे मूळ संख्या. लँडलाइनचे एसटीडी कोड आठवा. सुरुवातीचा शून्य सोडला तर इंदापूर २१११, बारामती २११२ आणि भोर २११३. इंदापूर आणि भोर दोन्ही मूळ. फरक फक्त दोनचा, म्हणून त्या ‘जोडमूळ’. मधली बारामती मात्र संयुक्त. ३ आणि ५ ही जोडी वगळता अशा जोडीच्या मधल्या संख्येला नेहमी ६ ने भाग जातो.

यातून कुलूप कसे तयार होते?

२१११ × २११३ = ४४,६०,५४३. हा गुणाकार क्षणात होतो. पण फक्त ४४,६०,५४३ देऊन अवयव विचारले तर? २, ३, ५ असे ओळीने भागत गेल्यास ३१७ मूळ संख्या वाया जातात आणि ३१८ व्या प्रयत्नात २१११ सापडते. गुणाकार सोपा, उलटा प्रवास अवघड. रिव्हेस्ट, शमिर आणि ॲडलमन यांनी १९७७ मध्ये याच अडचणीतून ‘आरएसए’ ही पद्धत उभी केली. तिच्या २०४८ बिटच्या चावीत ६१७ अंकी संख्या असते आणि तिचे दोन मूळ अवयव गुप्त असतात. २०२० मध्ये संशोधकांनी २५० अंकी संख्या फोडली, तेव्हा एकाच प्रोसेसर-कोअरला सुमारे २,७०० वर्षे लागली असती एवढे काम करावे लागले.

सर्वांत मोठी मूळ संख्या वापरली तर?

उपयोग नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेली विक्रमी मूळ संख्या ४ कोटी १० लाख २४ हजार ३२० अंकी आहे. २ चा १३,६२,७९,८४१ वा घात काढून त्यातून १ वजा केला की ती मिळते. पण ती साऱ्या जगाला माहीत आहे. कुलपाला प्रसिद्ध संख्या चालत नाही, गुपित लागते.

मग खाती रिकामी का होतात?

कारण भामटा अवयव पाडत बसत नाही. तो फोन करून ओटीपी विचारतो. ‘कोणालाही ओटीपी सांगू नका’ एवढा मेसेज पाठवून बँकांची जबाबदारी संपत नाही. का सांगायचा नाही, हे गावातल्या माणसाला त्याच्या भाषेत समजावायला हवे. शाळेतही मूळ संख्येचा धडा व्याख्येपाशी थांबू नये. ६१७ अंकांचे कुलूप भक्कम आहे. ते फोडायची गरजच पडू नये, एवढ्या सहज आपण किल्ली हातात देतो, खरा धोका तिथे आहे.