वाघ दिसला का?

रविवारी रात्री अकराच्या सुमारास ऑफिसात जाणाऱ्या प्रत्येक माणसाच्या मनात तीन विचार येतात. एक, उद्या सोमवार. दोन, इस्त्रीचे कपडे आणायचे राहिले. आणि तीन, सगळं सोडून जंगलात जाऊन राहावं यार!

पहिल्या दोन विचारांचं सोमवारी सकाळी काहीतरी होतं. तिसरा पुढच्या रविवारपर्यंत फ्रीजमध्ये जातो. माझा तिसरा विचार मात्र दोन उन्हाळ्यांपूर्वी फ्रीजमधून बाहेर पडला. शहरातल्या मुलांसाठी उन्हाळी निसर्ग शिबिरं घेणाऱ्या एका संस्थेला ‘आउटडोअर एन्व्हायर्नमेंट एज्युकेटर’ हवे होते. दोन महिन्यांचं काम, राहणं-जेवण त्यांचं. पात्रता काय, तर डिग्री, चांगलं इंग्रजी आणि मुलांची आवड. मास कॉमची डिग्री होतीच. फ्रीलान्सर असल्यामुळे राजीनाम्याची भानगड नव्हती. जागा कुठे? चंद्रपूर जिल्हा, ताडोबाच्या बफरमधलं एक गाव. मी लगेच ‘हो’ म्हटलं. मित्रमंडळींना इतका हेवा वाटला की विचारू नका.

एप्रिलात चंद्रपूर स्टेशनवर उतरले आणि पहिला धडा मिळाला. सकाळी दहालाच रस्ता तापलेला. मे महिन्यात इथे पारा ४५-४६ पर्यंत जातो हे पेपरात वाचणं वेगळं आणि त्या उन्हात बारा वर्षांच्या चोवीस मुलांना टोपी घालायला लावणं वेगळं. दुसरा धडा गावाकडे जाताना. एका बाजूला औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या, कोळशाच्या खाणी, आणि तासाभराच्या आत मोहर्लीजवळ इरई धरणाचं पाणी. हे धरण त्या वीज केंद्राला पाणी मिळावं म्हणून बांधलंय. म्हणजे तुमच्या-माझ्या ऑफिसातल्या एसीचा एक धागा थेट या जंगलाच्या काठापर्यंत येतो. आपण समजतो आपण जंगलापासून लांब राहतो. कसलं काय!

आता थोडा अभ्यास, म्हणजे पुढचं कळेल. ताडोबा हे महाराष्ट्रातलं सगळ्यात जुनं राष्ट्रीय उद्यान, १९५५ सालचं. शेजारचं अंधारी अभयारण्य १९८६ चं. दोन्ही मिळून १९९५ मध्ये व्याघ्र प्रकल्प झाला. ‘ताडोबा’ हे नाव तारू या देवावरून आलंय. वाघाशी झुंजताना गेलेला गावप्रमुख लोकांनी देव केला, अशी आख्यायिका आहे. त्याचं ठाणं तलावाच्या काठी झाडाखाली आहे. वाघाने मारलेला माणूस देव होतो, आणि ज्या जंगलाला त्याचं नाव मिळतं त्यात पुढे वाघालाच संरक्षण मिळतं. हा हिशेब शहरात बसून कळत नाही. मलाही कळला नव्हता.

आमच्या शिबिरात मी ‘एज्युकेटर’ आणि गावातले एक दादा ‘हेल्पर’. दादा सकाळी गेटवर सफारीच्या जिप्सीत गाईड असायचे. सफारी संपली की आमच्याकडे येऊन पाण्याचे कॅन उचलायचे, तंबूच्या दोऱ्या ताणायचे आणि मुलांच्या रांगेच्या शेवटी चालायचे. रांगेच्या पुढे अर्थात मी. गळ्यात दुर्बीण, हातात चार दिवसांच्या ट्रेनिंगमध्ये मिळालेली फाईल.

पहिल्याच दिवशी वनरक्षकांना सोबत घेऊन गावालगतच्या पायवाटेवर गेलो. एका पांढऱ्याफटक, गुळगुळीत झाडापुढे मी मुलांना थांबवलं आणि फाईलमधलं वाक्य म्हणायला लागले. मागून दादांचा हळू आवाज आला, “मॅडम, ते दुसरं झाड हाये जी. हा कुलू. रात्री चांदण्यात भुतासारखा दिसते.”

मुलं माझ्या पुढून उठून रांगेच्या शेवटी गेली ती गेलीच.

त्यानंतर दोन महिने खरा क्लास रांगेच्या शेवटीच भरला. ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी का ओळखायची. अस्वलाच्या विष्ठेत तेंदूच्या बिया कशा सापडतात आणि अस्वल फिरेल तिथे तेंदूची झाडं कशी पेरली जातात. चितळ ओरडलं तर अंदाज असतो, पण सांबर ओरडलं तर जवळपास खात्री. माझ्या फाईलमध्ये ‘अन्नसाखळी’ होती, बाणांच्या आकृतीसकट. दादांकडे ती जमिनीवर होती, पगमार्कच्या शेजारी.

एका चुणचुणीत मुलाने विचारलं, “काका, वाघ दिसला नाही तर पैसे परत मिळतात का?”

दादा म्हणाले, “तुले नाही दिसला. पण त्याले तू दिसला असशील ना, बेटा? त्याचे पैसे वसूल!”

सगळे हसले. मग हळूच सगळ्यांनी मागे वळून पाहिलं.

मला वाटायचं ‘सीझनल जॉब’ म्हणजे खऱ्या नोकरीच्या आधीचा टाइमपास. आई फोनवर हेच म्हणायची, “दोन महिने मजा कर, मग बघ काहीतरी.” पण इथे सगळी कामंच सीझनची! मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुलं वेचायची. मे उजाडला की तेंदूपत्ता, पानं तोडून त्यांची पुडकी बांधायची. पावसाळ्यात धानाची रोवणी. दिवाळीनंतर झाडीपट्टीची नाटकं सुरू होतात, वडसा त्यांचं मोठं केंद्र. तिथे रात्रभर चालणाऱ्या प्रयोगांवर कितीतरी कलाकार आणि वादक पोट भरतात. १ जुलै ते ३० सप्टेंबर ताडोबाचा कोअर बंद असतो. त्या दिवसांत गेटवरचे किती गाईड गुडघाभर चिखलात रोवणी करतात, हे जिप्सीत बसलेल्या पाहुण्याला कुठे माहीत असतं?

आपण ‘करिअर चेंज’ केला की लिहून सगळ्यांना सांगतो. ही माणसं वर्षातून चारदा करतात. फरक इतकाच की आपल्याकडे पीएफ असतो. यांच्याकडे एक सीझन बुडाला की थेट चूल थंड.

आणि सीझन बुडायला कारणं लागतात तरी किती? मोहाची फुलं पहाटे गळतात. उशीर केला की हरणं आणि अस्वलं आधी येऊन जातात, म्हणून माणसं उजाडायच्या आत निघतात. वाकून वेचायचं असतं. तेंदूची पानं तोडतानाही तेच. झुडपात वाकलेलं माणूस वाघाला माणूस वाटत नाही, असं दादा सांगायचे. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. ती बातमी वाचली तेव्हा मला मुलांच्या रांगेशेजारची ती तेंदूची झुडपं आठवली. महाराष्ट्रातल्या वाघांची संख्या २०१८ च्या गणनेत ३१२ होती, २०२२ मध्ये ती ४४४ झाली. आपण टाळ्या वाजवल्या, मीसुद्धा वाजवल्या. टाळ्या चुकीच्या नव्हत्या. पण त्या यशाचं बिल कुणाच्या पत्त्यावर जातं, हे मला त्या उन्हाळ्यात कळलं.

शेकोटीची एक रात्र आहे. एका मुलीने सहज विचारलं, “काका, तुम्हाला वाघ आवडतो?”

दादा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “माझी मावशी मोह वेचाले गेली होती. आली नाही.”

चोवीस मुलं चिडीचूप. मला ट्रेनिंगमध्ये ‘अवघड प्रश्न कसे हाताळावेत’ असा एक तास होता, त्यातलं काहीही आठवेना.

“राग नाही आला?” त्याच मुलीने विचारलं.

“आला ना. खूप आला. चौथ्या दिवशी गेटवर ड्युटी होती, गेलो. जिप्सीत बसल्या बसल्या पाहुण्यांनी विचारलं, वाघ दिसेल ना? म्हटलं, पाहू जी.” मग शेकोटीत एक लाकूड सरकवून म्हणाले, “वाघ आहे म्हणून जंगल आहे, जंगल आहे म्हणून मोह आहे. मावशीलेही हे माहीत होतं. पण गेली ते गेली.”

पर्यावरण शिक्षण म्हणतात ते हेच असेल, तर त्या रात्री शिकवणारा एकच होता, आणि त्याच्या पावतीवर ‘हेल्पर’ लिहिलेलं होतं.

एका सुट्टीत दादांच्या सांगण्यावरून एसटी बदलत बदलत शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात, धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावात जाऊन आले. गोंड वस्तीचं छोटंसं गाव. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा इथली. वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये या गावाला १,८०० हेक्टरांहून जास्त जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, देशात अगदी सुरुवातीला ज्यांना मिळाला त्यांत हे गाव. २०११ मध्ये तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांच्या हस्ते गावाला स्वतःचा बांबू विकण्यासाठी वाहतूक परवाने मिळाले. देवाजी तोफा हे या लढ्यातलं गावचं नाव, आणि २०२५ मध्ये गेलेले मोहन हिराबाई हिरालाल हे त्यांचे बाहेरून आलेले सोबती. मला भावली ती त्यांची ‘अभ्यासगट’ ही कल्पना. जंगलाबद्दल, कायद्याबद्दल काही कळत नसेल तर गाव बसून अभ्यास करतं, जाणकाराला बोलावतं, त्याचं ऐकतं. निर्णय मात्र ग्रामसभा घेते, तोही सर्वांच्या सहमतीने. बाहेरच्या शहाण्याने शिकवावं, पण मालक होऊ नये. परतीच्या एसटीत माझी फाईल मांडीवर फार जड वाटली.

शेवटच्या दिवशी पाकिटं वाटली. माझ्या पाकिटात दादांच्या तिप्पट रक्कम होती. मला हे कळलं कारण मी तिथेच उभी होते. आणि, कबूल करते, मी काहीही बोलले नाही. ‘थँक यू’ म्हणाले आणि नागपूरची गाडी पकडली.

घरी आल्यावर आठवडाभर झोप लागेना. मग संस्थेला मेल लिहिला. पुढच्या वर्षी शिबिराचे मुख्य शिक्षक दादा असावेत, मी त्यांची मदतनीस म्हणून येते, मानधनही तसंच ठरवा. फोन आला. समोरचा माणूस अगदी प्रेमाने म्हणाला, “आयडिया छान आहे. पण पालकांना क्वालिफाइड लोक हवे असतात. त्यांच्याकडे डिग्री नाही ना.” पुढच्या उन्हाळ्यात मला बोलावणं आलं नाही.

फार मोठा त्याग केला असं काही नाही. माझा एक सीझन बुडाला, मी इथे येऊन लेख लिहिले. दादांचा बुडता तर?

तर मंडळी, नोकरी सोडून जंगलात जा किंवा जाऊ नका, तो तुमचा प्रश्न. पण या सीझनला ताडोबाला जाणार असाल तर एवढं करा. कोअर मंगळवारी बंद असतो, तेवढं बघून बुकिंग करा. जिप्सीत बसल्यावर गाईडचं नाव विचारा आणि शेवटपर्यंत लक्षात ठेवा. ‘वाघ कुठंय?’ च्या आधी ‘हे झाड कुठलं?’ विचारा. वाघ नाही दिसला तरी टीप कापू नका, वाघ काही गाईडच्या पगारावर नसतो. आणि मुलांना शिबिराला पाठवणार असाल तर आयोजकांना एक प्रश्न जरूर विचारा, गावातलं कोण शिकवणार आहे आणि त्याला किती देता?

परवा दादांचा फोन आला होता. रोवणी आटोपली, कोअर उघडायची वाट बघतायत. मी विचारलं, “दादा, वाघ दिसला का?”

“इकडं तो रोजच आहे, ताई. तुमी कधी दिसता ते सांगा.”