गाड्याला नंबर मिळतो, उभं राहायला जागा मिळत नाही

सातारा–पंढरपूर रस्त्यावर पुसेगाव, दहिवडी आणि म्हसवड ही गावं एकामागोमाग लागतात. वडा-भज्यांचा गाडा घेऊन फिरणारा माणूस एकाच आठवड्यात या तिन्ही ठिकाणी धंदा करू शकतो. कढई तीच, पीठ तेच, गिऱ्हाईकही बरंचसं तेच. पण दहिवडीत नगरपंचायत आहे, म्हसवडला नगरपरिषद आणि पुसेगावात ग्रामपंचायत. तेवढ्या फरकाने त्या गाडेवाल्याच्या डोक्यावरचं कायद्याचं छत्र येतं आणि जातं.

आधी जे सगळीकडे सारखं आहे ते पाहू. खाण्याचा कुठलाही पदार्थ विकायचा तर अन्नसुरक्षा कायदा 2006 लागू होतो, मग ते शहर असो की वाडी. मात्र हातगाडीवाला, फेरीवाला, यात्रेतला तात्पुरता स्टॉल यांना 'लायसन' लागत नाही. त्यांना फक्त नोंदणी लागते. 2011 च्या नियमावलीत वर्षाला 12 लाखांपर्यंत उलाढाल असलेल्यांसाठी ही सोय केली गेली. म्हणजे रोजचा गल्ला सरासरी 3,300 रुपयांच्या आत. लक्षात घ्या, हा गल्ला आहे, नफा नव्हे. या नियमावलीने नोंदणीची फी ठरवली ती वर्षाला 100 रुपये. फोटो, ओळखपत्र आणि एक साधा अर्ज, तोही 'फॉसकॉस' या सरकारी पोर्टलवर मोबाईलवरून भरता येतो. बाहेर एजंट यासाठी जे पैसे मागतात ते सरकारी फी म्हणून सांगत असतील तर पावती मागावी.

अर्ज केल्यावर सात दिवसांत अधिकाऱ्याने नोंदणी द्यायची, कारण लिहून नाकारायची किंवा तपासणीची नोटीस काढायची. सात दिवसांत यातलं काहीच झालं नाही, किंवा तपासणी ठरूनही 30 दिवसांत निर्णय कळवला नाही, तर धंदा सुरू करता येतो. नंतर सांगितलेल्या सुधारणा मात्र कराव्या लागतात. ही तरतूद फारशी कुणी सांगत नाही.

मिळतो तो 14 आकडी नंबर. 2 ने सुरू झाला तर नोंदणी, 1 ने सुरू झाला तर परवाना. छोट्या गाड्याच्या कागदावर पहिला आकडा 1 दिसला, तर आपल्याकडून गरज नसलेला महागडा परवाना काढून घेतला का, हे एकदा तपासलेलं बरं. प्रमाणपत्र आणि फोटोचं ओळखपत्र गाड्यावर दिसेल असं लावायचं, घरी कपाटात ठेवायचं नाही.

'कागद नाही तर सहा महिने आत' ही भीती बाजारात नेहमी घातली जाते. विनापरवाना धंद्याला तुरुंगवासाचं म्हणून जे कलम 63 दाखवलं जातं, त्यातून नोंदणीवाले छोटे विक्रेते स्पष्ट शब्दांत वगळलेले आहेत. याचा अर्थ मोकळं रान असा नाही. नोंदणी नसेल तर दंड होऊ शकतो. अस्वच्छ जागी पदार्थ बनवल्याबद्दल एक लाखापर्यंत दंडाची तरतूद आहे. आणि खाऊन कुणी आजारी पडलं तर छोटा-मोठा असा भेद कायदा करत नाही, तिथे तुरुंगही आहे आणि भरपाईही.

तपासणीत बघतात काय? नियमावलीच्या परिशिष्ट 4 मध्ये ते लिहिलेलं आहे. गाड्याचा ओटा धुता येईल असा आणि जमिनीपासून 60 ते 70 सेंटिमीटर उंच, पिण्याजोगं पाणी, झाकणाचा कचरा डबा, कापलेली नखं. शिवाय वर्तमानपत्राच्या कागदात भजी बांधून द्यायला 1 जुलै 2019 पासून बंदी आहे. तळणाचं तेल पुन्हा पुन्हा तापवून काळं पडलं की तेही नियमाबाहेर जातं. अधिकाऱ्याने तपासणीसाठी नमुना नेला तर चालू भावाने त्याचे पैसे द्यायचे असतात. 'साहेबांसाठी दोन प्लेट पार्सल' हा नमुना नव्हे. गॅसचं मात्र अनेकांना महागात पडतं. घरगुती 14.2 किलोचं सिलिंडर गाड्यावर चालत नाही, व्यवसायाचंच लागतं. जुना टेम्पो कापून खाण्याची गाडी केली असेल तर त्या बदलाला आरटीओची मंजुरी हवी.

इथपर्यंत सगळं जमण्यासारखं आहे. अडतं ते पुढे. हा नंबर पदार्थ विकायची परवानगी देतो, रस्त्याच्या कडेला उभं राहायची नाही. त्यासाठी 2014 चा पथविक्रेता कायदा आहे. सर्वेक्षण पूर्ण होईपर्यंत विक्रेत्याला उठवायचं नाही, उठवायचं तर 30 दिवसांची नोटीस द्यायची, जप्त मालाची यादी द्यायची आणि नाशवंत माल मागणी केल्यावर त्याच दिवशी परत करायचा, असं त्यात आहे. भज्यांचं पीठ आणि चिरलेला कांदा दुसऱ्या दिवशी परत मिळून काय उपयोग, हे तो कायदा लिहिणाऱ्यांना कळलं होतं. पण हा कायदा महापालिका, नगरपरिषद, नगरपंचायत आणि कॅन्टोन्मेंटपुरता आहे. ग्रामपंचायत त्यात येत नाही. दहिवडीत मागता येणारी नोटीस पुसेगावात किंवा शिखर शिंगणापूरच्या यात्रेत याच कायद्याने मागता येत नाही.

गावात हाती राहते ती बाजार फीची पावती. ग्रामपंचायत कायदा 1958 नुसार पंचायत आठवडी बाजाराची आणि सार्वजनिक जागेच्या तात्पुरत्या वापराची फी घेऊ शकते, वसुलीचा ठेका लिलावाने देऊ शकते. बऱ्याच ठिकाणी ठेकेदाराचा माणूस पैसे घेतो आणि पावती देत नाही. मग हा माणूस इथे दहा वर्षं बसतोय याला पुरावाच उरत नाही. पैसे दिले की तारखेची पावती घेणं, आणि गाड्यांची जागा ग्रामसभेच्या ठरावात लिहून घेणं, हे सध्या तरी हातात आहे. राष्ट्रीय महामार्गाच्या किंवा बांधकाम खात्याच्या रस्त्यावर मात्र पंचायतीचा ठरावही पुरत नाही, जागेचा मालक वेगळा.

कर्जाचंही तसंच. 2020 ची पीएम स्वनिधी योजना शहरी विक्रेत्यांसाठी निघाली. शहराच्या हद्दीत येऊन विकणारे आसपासच्या गावांतले लोकही त्यात बसतात. म्हणजे पुसेगावचा माणूस दहिवडीत गाडा लावत असेल तर तो तिथल्या नगरपंचायतीकडे शिफारसपत्र मागू शकतो, स्वतःच्या गावात लावत असेल तर नाही. ऑगस्ट 2025 मध्ये केंद्राने योजना मार्च 2030 पर्यंत वाढवली, पहिलं कर्ज 10 हजारांवरून 15 हजार केलं आणि जनगणनेत शहर म्हणून नोंदलेली मोठी गावं व शहरालगतचा भाग टप्प्याटप्प्याने घ्यायचं ठरवलं. आपलं गाव त्या टप्प्यात आलं का, हे बँकेत फेऱ्या मारण्याआधी जवळच्या नगरपंचायतीत विचारावं.