उद्याचं गाव जुनं का झालं?

रात्रीचा दीड वाजलाय. सकाळी आठचं लेक्चर आहे, जर्नल अर्धंच लिहून झालंय आणि तुम्ही मोबाइलवर बघताय काय, तर कॅलिफोर्नियातल्या एका पार्कमध्ये १९९५ साली बंद पडलेल्या एका गाडीचा व्हिडिओ. गाडी तरी कसली? सायकलवाला सहज मागे टाकेल अशा वेगानं, उंचावरच्या रुळावरून जाणारे छोटे छोटे डबे. व्हिडिओचे रंग उडालेत, कॅमेरा हलतोय. तेव्हा तुमचा जन्मही झाला नव्हता आणि घरातलं कुणी तिकडे गेलंही नव्हतं. तरी तो व्हिडिओ संपल्यावर उगाचच हुरहुर लागते. आपलं काहीतरी हरवलंय असं वाटतं.

जे कधी पाहिलंच नाही, त्याची आठवण कशी येते? आजचा विषय तोच आहे.

ही जागा म्हणजे डिस्नेलँडमधलं 'टुमॉरोलँड', उद्याचं गाव. १७ जुलै १९५५ ला डिस्नेलँडचं उद्घाटन झालं, तेव्हा पार्कच्या एका कोपऱ्यात राजकन्येचा किल्ला होता, दुसरीकडे काउबॉयचं जंगली पश्चिम होतं आणि एका बाजूला हे टुमॉरोलँड. इथे आत शिरलं की आपण १९८६ सालात आहोत असं समजायचं. १९८६ का, तर त्या वर्षी हॅलेचा धूमकेतू परत येणार होता. म्हणजे एकतीस वर्षांनंतरचं जग कसं असेल, ते तिकीट काढून आजच बघायचं.

गंमत म्हणजे पहिल्या दिवशी हे भविष्य तयारच नव्हतं. वेळही संपला होता आणि पैसेही. अर्धवट राहिलेल्या जागा फुगे आणि पताका लावून झाकल्या होत्या. गॅदरिंगच्या आदल्या रात्री स्टेजमागची कळकट भिंत कुणाच्या तरी साडीनं झाकायचा अनुभव तुम्हाला असेल, तर वॉल्ट डिस्नेची त्या दिवशीची अवस्था तुम्हाला लगेच कळेल.

पण आत जे होतं त्याची कल्पना करा. लाल-पांढरं उंच रॉकेट. गोल थिएटरमध्ये बसून चंद्राभोवती फेरी मारून आणणारी सफर, आणि तीही स्पुटनिक आकाशात जायच्या दोन वर्षं आधी! लहान मुलांना स्टिअरिंग हातात धरून हायवेवर गाडी चालवायला देणारी 'ऑटोपिया'. १९५९ मध्ये मोनोरेल आली. १९५७ मध्ये मोन्सॅन्टो या रसायन कंपनीनं एमआयटीच्या मदतीनं अख्खं प्लास्टिकचं घर उभं केलं, 'हाउस ऑफ द फ्यूचर'. त्यात मायक्रोवेव्ह होता आणि समोरच्याचा चेहरा दिसणारा फोनही. आज हे वाचून तुम्ही जांभई द्याल, कारण तो फोन आत्ता तुमच्या हातात आहे.

मग हे गाव जुनं कसं झालं?

एक कारण सरळ आहे. खरं जग मागून आलं आणि पुढे निघून गेलं. चंद्रसफरीची गोष्टच घ्या. १९६९ मध्ये माणूस खरोखर चंद्रावर उतरला, तो लोकांनी घरी बसून टीव्हीवर पाहिला. मग खोट्या चंद्रावर जायला रांग कोण लावणार? १९७५ मध्ये त्याच थिएटरची 'मिशन टु मार्स' झाली. १९९२ मध्ये तीही बंद पडली. १९९८ मध्ये त्या जागेत काय सुरू झालं माहितीये? पिझ्झाचं रेस्टॉरंट. चंद्र, मग मंगळ, मग पिझ्झा. माणसाच्या महत्त्वाकांक्षेचा इतका थोडक्यात इतिहास दुसरीकडे मिळणार नाही.

पण दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. किल्ला जुना झाला तर शोभून दिसतो. रॉकेट जुनं झालं की केविलवाणं दिसतं. भविष्याला सारखा रंग द्यावा लागतो, सारखं नव्यानं मांडावं लागतं, आणि तो खर्च करायची इच्छा हळूहळू संपत गेली.

सुरुवातीला ती इच्छा होती. १९६७ मध्ये जवळजवळ सगळं टुमॉरोलँड पाडून नव्यानं बांधलं. त्यात आली ती 'पीपलमूव्हर', म्हणजे तुमच्या दीड वाजताच्या व्हिडिओतली गाडी. तिच्या डब्यांना इंजिन नव्हतं. मोटरा रुळातच बसवलेल्या होत्या आणि रुळातली फिरती चाकं डब्यांना पुढे ढकलायची. गाडी स्टेशनात थांबायचीच नाही, प्रवासीच सरकत्या फलाटावरून आत चढायचे. डिस्नेच्या डोक्यात हा खेळ नव्हताच. फ्लोरिडात वीस हजार वस्तीचं खरंखुरं नवं शहर वसवायचं, तिथले लोक अशा गाड्यांतून कामाला जातील आणि मोटारी जमिनीखालून धावतील, अशी त्याची योजना होती. १९६६ च्या ऑक्टोबरमध्ये कॅमेऱ्यासमोर उभं राहून त्यानं ती समजावून सांगितली. डिसेंबरमध्ये तो गेला. ते शहर झालं नाही. १९८२ मध्ये त्याच 'एप्कॉट' नावानं फ्लोरिडात आणखी एक पार्क उघडलं.

इकडे कॅलिफोर्नियात पीपलमूव्हर १९९५ च्या ऑगस्टमध्ये बंद झाली. तीन वर्षांनी त्याच रुळावर 'रॉकेट रॉड्स' आणल्या. भन्नाट वेगाच्या गाड्या! पण रूळ होता संथ गाडीसाठी बांधलेला. वळणांवर त्याला वेगाला लागतो तसा उतार दिलेला नव्हता. त्यामुळे गाडी सुसाट सुटायची, वळण आलं की कचकन वेग कमी करायची, पुन्हा सुटायची. टायर झिजायचे, बिघाड व्हायचे. २००० मध्येच त्या बंद पडल्या. तो रूळ अजून तसाच लोकांच्या डोक्यावर उभा आहे. वर्षानुवर्षं त्यावरून काहीच जात नाही.

त्याच १९९८ मध्ये आणखी एक गोष्ट झाली. उद्या सारखा शिळा होतो, तर मग कालच्या लोकांना वाटलेला उद्याच दाखवू, म्हणजे शिळं व्हायचा प्रश्नच मिटला, अशी शक्कल निघाली. १९९२ च्या पॅरिसच्या डिस्नेलँडमध्ये ज्यूल व्हर्नच्या काळातलं भविष्य मांडलं होतं. तोच धागा धरून कॅलिफोर्नियातलं पांढरंशुभ्र टुमॉरोलँड तांबूस-सोनेरी रंगवलं. लोकांना ते रुचलं नाही. पार्कच्या पन्नाशीपर्यंत 'स्पेस माउंटन' पुन्हा पांढरा झाला होता. आणि रिकाम्या जागांत आले ते सिनेमातले चेहरे. ३६० अंशांतल्या पडद्याच्या थिएटरच्या जागी २००५ मध्ये बझ लाइटइयर आला, पाणबुडीच्या सफरीत २००७ पासून निमो पोहायला लागला. वाईट काही नाही, निमो आम्हालाही आवडतो. पण निमो म्हणजे उद्या नव्हे, तो आधीच हिट झालेला सिनेमा आहे.

आता थोडं थांबू. कारण हुरहुर लागली की माणूस खोटं आठवायला लागतो, आणि जे आपण पाहिलेलंच नाही त्याबद्दल तर फारच खोटं.

ते जुनं टुमॉरोलँड काही स्वर्ग नव्हतं. त्यातला मोठा भाग ही चक्क जाहिरात होती. रसायन कंपनीचं रसायनांचं दालन, ॲल्युमिनियम कंपनीचं ॲल्युमिनियमचं दालन, नळ आणि बेसिन विकणाऱ्या कंपनीचं 'बाथरूम ऑफ टुमॉरो'. भविष्य म्हणजे काय, तर आमचा माल. ऑटोपियातल्या भविष्याला कित्येक दशकं पेट्रोलच्या धुराचा वास येत होता. 'कॅरोसेल ऑफ प्रोग्रेस' नावाचा फिरत्या थिएटरमधला शो एका कुटुंबाचं घर दशकादशकांनी बदलताना दाखवतो. दिवे येतात, फ्रिज येतो, धुलाईचं यंत्र येतं, पण घरकाम बहुतेक आईकडेच राहतं. यंत्रांचं भविष्य रंगवायला सगळे पुढे असतात, माणसांचं रंगवायचं म्हटलं की हात आखडतो.

आणि त्या प्लास्टिकच्या घराचं काय झालं? १९६७ मध्ये ते पाडायला घेतलं. एका दिवसाचं काम, असा अंदाज होता. लोखंडी गोळा भिंतीवर आपटला आणि उसळी मारून परत आला! शेवटी करवतींनी कापत, साखळ्यांनी आवळत दोन आठवडे गेले. तेव्हा तो कौतुकाचा विषय होता. आज तीच गोष्ट ऐकताना आपल्याला डम्पिंग ग्राउंड आठवतं आणि पहिल्या पावसात तुंबलेला नालाही. प्लास्टिक मोडत नाही, हे भविष्य त्यांनी अगदी अचूक सांगितलं होतं. फक्त ते भविष्य कुणाच्या वाट्याला येणार, हे सांगायचं राहिलं.

तर मग दीड वाजता आतून हलतं ते काय? आम्हाला वाटतं, तुम्हाला ती गाडी नकोय. ते घर तर नकोच नकोय. तुम्हाला हेवा वाटतो तो त्या गाडीत बसलेल्या चेहऱ्यांचा. त्या चेहऱ्यांवर एक खात्री दिसते की पुढे जे येतंय ते बरं असणार आहे, आणि त्यात आपण असणार आहोत.

तुमच्या पिढीला भविष्य भेटतं ते कसं? नोकऱ्या एआय खाणार. समुद्राची पातळी वाढणार. घरं परवडणार नाहीत. यातलं काहीच खोटं आहे असं म्हणायचा आमचा इरादा नाही. पण उद्या म्हटलं की ज्याला फक्त धोक्याची यादीच ऐकू येते, तो कालच्या व्हिडिओत जाऊन बसणार, नाहीतर काय करणार? आमच्या वेळी असं होतं म्हणणारे काका प्रत्येक घरात असतात. एकविसाव्या वर्षीच आपण ते काका झालो तर मात्र पंचाईत आहे. आणि तेही आपल्या नव्हे, दुसऱ्याच कुणाच्या वेळेबद्दल!

आपल्याकडेही भविष्याचा एक तुकडा आला होता. २०१४ च्या फेब्रुवारीत मुंबईत वडाळा ते चेंबूर मोनोरेल सुरू झाली, स्वतंत्र भारतातली पहिली. लोक कामासाठी नव्हे, नुसती फेरी मारायला गेले होते, लहान मुलांना घेऊन, खिडकीशी फोटो काढत. डिस्नेलँडमध्ये १९५९ मध्ये जे झालं तेच. नंतर गाडीतली गर्दी ओसरली. उद्याची म्हणून आलेली वस्तू रोजच्या कामाची झाली नाही, की ती बघता बघता कालची होते. टुमॉरोलँडच्या रिकाम्या रुळाला तेच झालं. पण गंमत बघा, पीपलमूव्हरच्या कल्पनेवर डिस्नेच्याच लोकांनी बांधलेली गाडी १९८१ मध्ये ह्यूस्टनच्या विमानतळावर सुरू झाली, एका टर्मिनलहून दुसऱ्या टर्मिनलला लोकांना नेणारी. तिथे कुणी फोटो काढायला जात नाही. माणसं बॅगा घेऊन चढतात आणि उतरतात. भविष्य खरं झालं की ते असंच दिसतं, साधं आणि जरा कंटाळवाणं.

एका सफरीची गोष्ट सांगून थांबतो. फ्लोरिडाच्या एप्कॉटमध्ये १९८३ ते १९९९ 'होरायझन्स' नावाची राइड होती. तिची सुरुवातच जुन्या लोकांनी कल्पिलेल्या, चुकलेल्या भविष्यांपासून व्हायची. आधी त्यांच्यावर प्रेमानं हसायचं, मग पुढे निघायचं. वाटेत वाळवंटातल्या शेताच्या देखाव्यापाशी संत्र्यांचा वास सोडलेला असायचा, तो लोकांना अजून आठवतो. आणि शेवटी तुमच्यासमोर बटणं यायची. परत कुठून जायचं, अंतराळातून, वाळवंटातून की समुद्राखालून? डब्यात बसलेल्यांनी ठरवायचं. ती इमारत २००० मध्ये पाडली.

आमच्या मते करायचं ते एवढंच आहे. चुकलेल्या भविष्यांवर प्रेमानं हसायचं आणि मग बटण दाबायचं. २०५५ मध्ये टुमॉरोलँडला १०० वर्षं होतील. तुम्ही तेव्हा पन्नाशीच्या आसपास असाल. तुमचं गाव, तुमचा मोहल्ला, तुमचं कॉलेज तेव्हा कसं असावं? कसं असेल ते नव्हे, कसं असावं? नळाला किती वाजता पाणी यावं, बस कुठून कुठे जावी, रात्री अकराला मुलीनं एकटीनं कुठवर चालत जावं, नदीत उतरता यावं की नाही? कंपनीनं सांगितलेलं भविष्य नको, रील्सनं घाबरवलेलंही नको. तुमचं सांगा.

जर्नल पूर्ण करायचंय ना? करा. पण झालं की वहीच्या शेवटच्या पानावर पाच ओळी लिहून ठेवा. त्या चुकतील, चंद्रसफरीसारख्या जुन्याही होतील. चालेल. पुढच्या वर्षी खोडून पुन्हा लिहा.