तिसऱ्याला दिलेले मत



निवडणूक आली की पारावर एकच वाक्य ऐकू येते : "माणूस चांगला आहे हो, पण निवडून थोडाच येणार? मत वाया कशाला घालवायचे?" हे वाक्य कोणाच्या सोयीचे आहे? ज्या दोघांनी मतदारसंघ वाटून घेतला आहे, त्या दोघांच्याच.

बाजारात आपण असा हिशेब करीत नाही. कापसाच्या हर्रासाला दोनच व्यापारी असले की त्यांचे आपसात जमते. तिसरा बोली बोलायला उभा राहिला की भाव हलतो. माल शेवटी त्याने घेतला नाही तरी हलतो. मात्र त्याच्या खिशात पैसे आहेत हे पहिल्या दोघांना दिसले पाहिजे. रिकाम्या खिशाचा तिसरा पुष्कळदा त्यांनीच आणलेला असतो.

चंद्रपूर जिल्ह्यातले राजुरा पाहा. कापसाचा मुलूख. २००४ साली वामनराव चटप तिथून स्वतंत्र भारत पक्षातर्फे आमदार झाले. २०१९ साली काँग्रेसकडून सुमारे अडीच हजार मतांनी पडले. भाजपचे तेव्हाचे आमदार त्यांच्याही मागे राहिले. म्हणजे तिसरा कोण, हे मतदारांनीच ठरवले. २०२४ साली चटप तिसरे आले, पण सुमारे ५५ हजार मते घेऊन. पहिल्या-दुसऱ्यातले अंतर होते तीन हजारांच्या आसपास. ही ५५ हजार माणसे काय मागतात, ते आता त्या दोघांनाही विचारणे भाग आहे. याला मत वाया जाणे म्हणत असतील तर म्हणोत!

पण राजुऱ्यात हे झाले ते वर्षानुवर्षांच्या कामावर. इतरत्र आपल्यातलेच कोणी शेवटच्या दिवशी अर्ज भरतात, ते आम्हाला मान्य नाही. अनामत १० हजार रुपये. वैध मतांच्या एक षष्ठांशाहून अधिक मते पडली नाहीत तर ती जप्त. कायद्याचे पारडेही मोठ्यांकडे झुकलेले. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो, बाकीच्यांना दहा लागतात. त्यांचे चिन्ह लहान पोरालाही ठाऊक; अपक्षाला चिन्ह मिळते ते माघारीची मुदत संपल्यावर. २०२४ मध्ये माघार ४ नोव्हेंबरला संपली, मतदान २० तारखेला. हातात पंधरवडा, तोही ऐन वेचणीचा. घरधनी आणि घरधनीण दोघेही पराटीत. चिन्ह सांगायचे कोणाला?

म्हणून आमचे मत असे, की जिल्हाभर उमेदवार उभे करू नयेत. जिथे प्रत्येक बूथवर आपले दोन माणूस बसू शकतील असा एकच मतदारसंघ निवडावा. माणूस आजच्या बैठकीत ठरावा, आणि गावातले लोक ज्याला काट्यावरच्या भांडणात बोलावतात तोच असावा. हमीभावाखाली कापूस आणि ज्वारी विकली जाते तेव्हा तो बाजार समितीत उभा राहतो का, एवढे विचारून घ्या. दहा सूचकांची नावे येथेच लिहून घ्यावीत. बूथवार याद्या उन्हाळ्यात, हात मोकळे असताना, पुऱ्या कराव्यात.