कुऱ्हाडीनं राखलेलं रान

ऑनसाइटवर लंडनला आलेल्या मराठी माणसाचे वीकेंड साधारण ठरलेले असतात. पहिल्या महिन्यात टॉवर ब्रिज, दुसऱ्या महिन्यात स्टोनहेंज, मग एखाद्या लाँग वीकेंडला स्कॉटलंड. त्यानंतर प्रत्येक पौंडाचे रुपये करून बघायची सवय डोकं वर काढते आणि प्रश्न येतो, "फुकटात कुठे जाता येईल?"

माझं उत्तर ठरलेलं आहे. एपिंग फॉरेस्ट. लिव्हरपूल स्ट्रीटला सेंट्रल लाइन पकडायची, अर्ध्या तासात लाउटन. स्टेशनातून बाहेर पडून थोडा चढ चढलात की जंगल सुरू. तिकीट नाही, गेट नाही, शिट्टी मारणारा वॉचमन नाही. लंडनच्या ईशान्य कडेपासून एसेक्स परगण्यात शिरणारा हा सुमारे २,४०० हेक्टरांचा हिरवा पट्टा आहे. बीच, हॉर्नबीम आणि ओक ही मुख्य झाडं. (हाय बीच नावाचं एक ठिकाणही आहे, तिथे समुद्र शोधू नका.) मधेच दोन-अडीच हजार वर्षांपूर्वीच्या, लोहयुगातल्या दोन गढ्यांचे मातीचे बांध आहेत. ऑक्टोबरच्या शेवटी गेलात तर बीचची पानं तांब्यासारखी झालेली असतात.

तिथे जाऊन आलेली मंडळी एक वाक्य हमखास बोलतात. "काय जपलंय हो यांनी! माणसाचा हातच लागलेला नाही."

माझा वाद या वाक्याशी आहे. कारण एपिंगमध्ये माणसाचा हात लागलेला नाही असं जुनं झाड शोधून सापडणं मुश्किल आहे. आणि ते जंगल आज उभं आहे ते त्या हातामुळेच.

पुढच्या वेळी गेलात तर पानांचा फोटो काढून झाल्यावर जरा खोडांकडे बघा. जमिनीपासून सात-आठ फूट एकच जाडजूड, गाठाळलेलं खोड आणि त्याच्या डोक्यावर एकदम दहा-पंधरा फांद्या आभाळाकडे गेलेल्या. उलटा धरलेला खराटाच जणू. अशा झाडाला 'पोलार्ड' म्हणतात. दर दहा-पंधरा वर्षांनी त्याच्या सगळ्या फांद्या माणसाच्या डोक्याच्या वर छाटायच्या, लाकूड सरपणाला न्यायचं आणि झाड सोडून द्यायचं. नवे धुमारे फुटतात, पण इतक्या उंचीवर की खाली चरणाऱ्या गुरांचं आणि हरणांचं तोंड तिथवर पोचत नाही. खाली गवत गुरांचं, वर लाकूड माणसांचं. एकाच जमिनीवर दोन पिकं!

गंमत पुढेच आहे. छाटलेलं झाड जास्त जगतं. एरवी बीचचं झाड दोन-तीनशे वर्षांत थकतं. पोलार्ड केलेलं झाड डोक्यावरचा भार पुन्हा पुन्हा उतरवत राहतं, वाऱ्याला कमी सापडतं आणि चारशेच्या पुढेही जाऊ शकतं. आतून पोकळ होतं, पण उभं राहतं. त्या कुजणाऱ्या लाकडात भुंगेरे, बुरशी, वटवाघळं, घुबडं असा अख्खा गाव वसतो. एपिंगमध्ये अशी पन्नास हजारांहून जास्त म्हातारी झाडं आहेत. इंग्लंडमध्ये 'प्राचीन वन' म्हणजे किमान १६०० सालापासून सलग वन असलेली जागा, अशी व्याख्या आहे. अशी वनं आज ब्रिटनच्या जमिनीवर जेमतेम अडीच टक्के उरली आहेत. त्या मानानं लंडनच्या कुशीत एवढं मोठं जुनं जंगल उरणं हा चमत्कारच म्हणायला हवा.

हा चमत्कार कोणी केला? निसर्गप्रेमींनी? थोडा. राजाने? त्याला शिकारीशी मतलब. 'फॉरेस्ट' या शब्दाचा मूळ अर्थसुद्धा झाडी असा नव्हता, राजाच्या हरणांसाठी वेगळा कायदा लागू असलेला मुलूख असा होता. चिंगफर्डला आठव्या हेन्रीसाठी १५४३ साली बांधलेला शिकार बघायचा लाकडी मनोरा अजून उभा आहे. पण खालची जमीन गावोगावच्या जमीनदारांची होती आणि तिथे गुरं चारायचा, सरपण न्यायचा हक्क गावकऱ्यांचा होता. आपल्या गायरानासारखा प्रकार.

एकोणिसाव्या शतकात राजांना शिकारीत रस उरला नाही आणि लंडन वाढू लागलं. शेजारच्या हेनॉल्ट फॉरेस्टवरचा राजाचा अंमल १८५१च्या कायद्याने उठला, आणि बघता बघता बहुतेक जंगल साफ करून तिथे शेतं झाली. पुढचा नंबर एपिंगचा होता. १८६०च्या दशकात लाउटनचे जमीनदार मेटलंड (गावचे पाद्रीही तेच!) यांनी जंगलाला कुंपण घातलं. आता फांद्या तोडायच्या नाहीत.

लाउटनची रीत अशी होती की ११ नोव्हेंबरच्या मध्यरात्री पहिली फांदी तोडायची आणि तिथून २३ एप्रिलपर्यंत गावाने सरपण न्यायचं. एकाही वर्षी मध्यरात्रीची फांदी चुकली तर हक्क गेला, अशी लोकांची समजूत. गावात असं सांगतात की जमीनदाराकडच्यांनी त्या रात्री लाकूडतोड्यांना जेवायला बोलावून भरपूर पाजलं, म्हणजे मध्यरात्र उलटून जाईल. पण टॉमस विलिंगेल नावाचा म्हातारा मजूर बरोबर वेळेवर उठला, कुऱ्हाड घेऊन गेला आणि तोडलेली फांदी घेऊनच परत आला. ही गोष्ट दंतकथा म्हणून सोडून द्या. पण १८६६ साली त्याच्या नात्यातल्या तिघांना झाडांचं नुकसान केल्याबद्दल दंड झाला, तो भरायला त्यांनी नकार दिला आणि ते तुरुंगात गेले, ही दंतकथा नाही. नुकत्याच स्थापन झालेल्या कॉमन्स प्रिझर्वेशन सोसायटीने विलिंगेलची बाजू घेतली, जमीनदारावर दावा झाला. निकालाआधीच, १८७० साली, विलिंगेल वारला.

मग लढाईत उतरलं सिटी ऑफ लंडन कॉर्पोरेशन. त्यांनी काही वर्षांपूर्वी जंगलाच्या दक्षिण टोकाला दफनभूमीसाठी जमीन घेतली होती आणि त्या जमिनीबरोबर गुरं चारायचा हक्कही आला होता. वकिलांनी तोच धागा पकडला. चराईचा हक्क एका गावच्या हद्दीपुरता नसून सबंध जंगलभर आहे, म्हणजे कुठलंही कुंपण प्रत्येक हक्कदाराच्या आड येतं. १८७१ साली दावा, १८७४ साली निकाल, कुंपणं बेकायदा. आणि १८७८ साली एपिंग फॉरेस्ट अ‍ॅक्ट. जंगल लोकांच्या विरंगुळ्यासाठी कायमचं खुलं आणि व्यवस्था कॉर्पोरेशनकडे. ती आजही त्यांच्याकडेच आहे.

म्हणजे बघा, ज्या जंगलात आपण डबा खातो ते वाचलं ते फांद्या तोडायच्या आणि गुरं चारायच्या हक्कावर. 'निसर्ग सुंदर आहे' या मुद्द्यावर कोर्टात कोण उभं करून घेणार होतं?

इथेच गोष्ट संपली असती तर मी ती सरळ 'सुखांत' या फोल्डरमध्ये टाकली असती. पण त्याच व्यवहारात फांद्या तोडायचा हक्क मात्र विकत घेतला गेला. लाउटनला भरपाई म्हणून ७,००० पौंड मिळाले. त्यातल्या पैशांतून १८८४ साली सभागृह उभं राहिलं. नाव लॉपिंग हॉल, म्हणजे 'छाटणी भवन' म्हणा. आजही हाय रोडवर आहे. जंगलाचं 'नैसर्गिक रूप' राखावं असंही कायद्यात लिहिलेलं होतं, आणि तेव्हाच्या सुशिक्षित नजरेला पोलार्ड झाडं विद्रूप वाटत. कुऱ्हाडी थांबल्या.

आणि जंगल आजारी पडायला लागलं. शंभर वर्षं न छाटलेल्या फांद्या स्वतःच झाडाएवढ्या झाल्या आणि पोकळ खोडांना त्यांचा भार झेपेना. वादळात खोडं उभी चिरली. वरचं छत इतकं दाट झालं की खाली ऊन पोचेना. हाय बीचला भर उन्हाळ्यात गेलात तर खाली नुसता पाचोळा दिसतो, हिरवं जवळजवळ काही नाही. गुरं कमी झाली तशी मोकळी माळरानं बर्चच्या रोपांनी भरत गेली.

आमच्या धंद्यात हे सगळ्यांना माहीत असतं. वीस वर्षं चालू असलेल्या सिस्टीमबद्दल "चालतंय ना, मग हात लावू नका" असं म्हणणारा मॅनेजर प्रत्येक कंपनीत असतो. पण हात न लावलेला कोड जपला जात नाही, तो कुजतो. आणि ज्या दिवशी हात लावावाच लागतो त्या दिवशी तो लिहिणारं कोणी शिल्लक नसतं.

एपिंगवाल्यांनी गेल्या काही दशकांत पुन्हा छाटणी सुरू केली आहे. म्हाताऱ्या बीचच्या सगळ्या फांद्या एकदम उतरवल्या तर झाड मरतं, म्हणून वर्षानुवर्षं थोडं थोडं. गुरंही परत आणली आहेत. लांब शिंगांच्या देशी गाई, गळ्यात जीपीएसचा पट्टा, आणि कुंपण फक्त सॉफ्टवेअरमध्ये! आपल्यापैकी कोणीतरी कुठेतरी बसून त्या गाईंचं डिबगिंग करत असणार.

आता १८७८ हा आकडा पुन्हा एकदा बघा. त्याच साली, त्याच राणीच्या राज्यात, आपल्याकडे इंडियन फॉरेस्ट अ‍ॅक्ट आला. जंगल राखीव जाहीर करायचं. लोकांनी आपले हक्क मुदतीत मांडायचे, सरकारने मानले तर टिकले, नाहीतर संपले. पुणे सार्वजनिक सभेने तेव्हाच विरोध नोंदवला होता. महात्मा फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये जंगल खात्याचा समाचार घेतला आहे. ठाणे-कुलाब्यात भाताच्या रोपासाठी राब भाजायचा तर झाडांचा टहाळ तोडावा लागे. म्हणजे लाउटनकर करत तेच काम! त्यावरून इतक्या तक्रारी झाल्या की १८८५ साली मुंबई सरकारला फॉरेस्ट कमिशन नेमावं लागलं. लाउटनला हक्क गेला तेव्हा निदान सभागृह मिळालं. आपल्याकडे गुन्हा दाखल होत राहिला. १९३०च्या जंगल सत्याग्रहात बिळाशी आणि चिरनेरच्या लोकांनी पोलिसांना अंगावर घेतलं त्यामागे पन्नास वर्षांचा हा राग होता. हक्क कागदावर परत यायला २००६चा वनहक्क कायदा लागला. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टरांवर सामूहिक हक्क मिळाला आणि गाव नियम घालून स्वतःचा बांबू तोडू लागलं.

तुम्ही म्हणाल, मग काय सगळ्यांनी कुऱ्हाडी घेऊन सुटायचं? आणि आपल्या देवराया? त्या तर हात न लावल्यामुळेच टिकल्या ना!

मला वाटतं, देवराई माझ्याच बाजूने साक्ष देते. ती बेवारस नव्हती. देवाची होती, म्हणजे गावाची होती. कौल लावल्याशिवाय फांदी तोडायची नाही हा नियम गावाने केला आणि गावानेच पाळला. लाउटनलाही तारीख होती, उंची होती, हद्द होती. वापर आणि नियम जिथे एकाच माणसांच्या हातात राहिले तिथे रान टिकलं. हेनॉल्ट गेलं ते सरपण नेणाऱ्यांमुळे नाही, ते नांगराखाली गेलं.

एपिंगच्या भोवतालच्या शिवारातही हेच दिसतं. जंगलातून पूर्वेला उतरलात की थेडन बॉइज लागतं. भलंमोठं हिरवं मैदान, ओकची रांग, आणि रस्त्यावर दिवे नाहीत. परवडत नाहीत म्हणून नव्हे, गावाला नको आहेत म्हणून. तिथून शेतांच्या मधून पायवाटा जातात. शेत खाजगी, वाट सार्वजनिक. वीस वर्षं लोक बिनदिक्कत चालत आले असतील तर ती वाट कायद्याने मागता येते. एपिंग गावाजवळ एम-२५ हा लंडनभोवतीचा प्रचंड मोटारवे १९८४ साली आला, तो बेल कॉमनखाली बोगद्यातून नेलाय आणि वर क्रिकेट चालतं. खालून मोटारवे, वर लेगस्पिन.

आपल्या पिढीचं जंगलावर प्रेम आहे, ट्रेकला जातो, प्लास्टिक उचलून आणतो, झाड पडलं की ऑनलाइन पिटिशनवर सही करतो. चांगलंच आहे, करत राहू. पण जंगल म्हणजे माणसं वजा केलेली जागा, हे आपल्या डोक्यातलं वॉलपेपर आता बदलायला हवं. "जंगल वाचवा" म्हणताना पुढचा प्रश्नही विचारायला हवा, कोणासाठी आणि कोणाच्या हक्कावर? कारण वीकेंडला येणारा माणूस कुंपण दिसलं की दुसरीकडे जातो. सरपणाला येणारा माणूस कोर्टात जातो.

तेव्हा एपिंगला जरूर जा. शक्यतो ११ नोव्हेंबरच्या आसपास जा, गर्दी कमी असते. एखाद्या गाठाळ खोडावर हात ठेवा आणि दीडशे वर्षांपूर्वी तिथे शेवटचा घाव घालणाऱ्याचे मनातल्या मनात आभार माना. छत्री मात्र न्या, इंग्लंड आहे ते.