'लेबर' म्हणजे नुसते हात नव्हेत

ठेकेदार म्हणतो, 'उद्या दहा लेबर पाठव.' त्याच्या तोंडी लेबर म्हणजे माणूस नव्हे, नुसते हात. इंग्रजीत मात्र याच शब्दाचे अर्थ श्रम, कामगारवर्ग आणि बाळंतपणाच्या कळा असेही आहेत. बाबासाहेब या तिन्ही अर्थांसाठी लढले. १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात त्यांनी कामगार स्त्रियांच्या प्रसूती लाभाच्या विधेयकाची बाजू मांडली. १९३६ मध्ये स्वतंत्र मजूर पक्ष काढला. जातिव्यवस्था ही केवळ श्रमाची नाही, तर श्रमिकांचीही विभागणी आहे, हे त्यांनी त्याच वर्षी ठणकावून सांगितले. मित्रांनो, म्हणून आम्ही विचारतो : गटारात उतरणारा 'लेबर' ठरावीक जातींतूनच का येतो? या प्रश्नाला बगल देणारी कामगार चळवळ आम्हाला अर्धवट वाटते.